क्रॅकर्स सादळले! मसाला लावून भाजताना काय चुकतंय?

चटकमटक (रविवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. काल घरी वीसेक माणसं जमली होती. आयत्या वेळी तळण काढायचं जिवावर आलं, म्हणून साध्या चौकोनी खाऱ्या क्रॅकर्सना मसाल्याचं तेल चोळून ओव्हनमधून काढायचा घाट घातला. कृती सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच दिसते: ४५० ग्रॅम क्रॅकर्स, एक कप तेल, मिरचीचे फ्लेक्स, लसूण, कांदा पावडर, शेपू, मिरपूड. सगळं मोठ्या पिशवीत घालून उलटसुलट करायचं, मुरू द्यायचं आणि मंद ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं भाजायचं.

त्या संध्याकाळी वाटी फिरली आणि रिकामी होऊन परत आली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रारी दोन. निम्मा मसाला पिशवीच्या तळाशी बसला, त्यामुळे काही क्रॅकर्स कोरे आणि शेवटचे चार खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. आणि दुसरी म्हणजे, उरलेले घट्ट झाकणाच्या डब्यात भरले होते, ते आज सकाळी पार सादळले. एक हातात घेऊन मोडायला गेले तर वाकला हो! क्रॅकर वाकला!

पुढच्या शनिवारी तीच माणसं आणि तीच फर्माईश आहे. कुठे चुकलं ते सांगा.

झोपाळू (रविवार, रात्री १०:२०)

शीर्षकातले पहिले दोनच शब्द वाचले. सादळलेले फटाके ओव्हनमध्ये वाळवू नका हे सांगायला धावत आलो होतो. चालू द्या.

द्वाड (रविवार, रात्री १०:२६)

@झोपाळू, हसू नका, अमेरिकेत या प्रकाराचं एक नाव 'फायर क्रॅकर्स' असंच आहे. मिरचीचे फ्लेक्स दोन मोठे चमचे घातले की नावाचा अर्थ आपोआप कळतो.

सुगरणीचा_नवरा (रविवार, रात्री ११:०३)

फटाक्यांचा विषय निघालाच आहे तर माझी कर्मकहाणी ऐका. कृतीत लिहिलं होतं '२५० अंशांवर २० मिनिटं'. मी आज्ञाधारक माणूस. ओव्हन २५० ला लावला, क्रॅकर्स आत सरकवले आणि निवांत पेपर वाचत बसलो. सहाव्या मिनिटाला वास आला, आठव्या मिनिटाला धुराचा अलार्म. ट्रे बाहेर काढला तर शाळेतल्या पाटीच्या रंगाचे चौकोन, वर नक्षीला लसणाचे काळे ठिपके.

ते २५० फॅरनहाइट होते. म्हणजे आपले १२१ सेल्सियस. सौभाग्यवतींनी हे मला दोन शब्दांत सांगितलं, ते दोन शब्द इथे लिहिता येत नाहीत.

कावेरी (रविवार, रात्री ११:१०)

खिक्! 'पाटीच्या रंगाचे चौकोन' साठी +१००.

भट्टीकाका (सोमवार, सकाळी ६:४०)

चटकमटक, सादळण्याचं आधी बघू. माझी तीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ताज्या क्रॅकरमध्ये पाणी जेमतेम दोन ते चार टक्के असतं. इतक्या कोरड्या अवस्थेत त्यातला स्टार्च काचेसारखा कडक असतो, म्हणून तो कट्कन मोडतो. थोडं जरी पाणी आत शिरलं की तो लवचीक होतो आणि तुमच्यासारखा अनुभव येतो, मोडायच्या ऐवजी वाकतो. क्रॅकर मऊ करणारं असतं ते पाणी. तेलाने तो मऊ पडत नाही, कारण तेलाचा स्टार्चवर तसा परिणामच होत नाही. कपभर तेल पिऊनही क्रॅकर कुरकुरीत राहतो तो त्यामुळे. तेव्हा 'तेल जास्त झालं म्हणून सादळले' असं कुणी सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका.

मग पाणी आलं कुठून? मला दोन गोष्टी सांगा. लसूण कुठला घातलात? आणि डबा कधी बंद केलात?

मोजमाप (सोमवार, सकाळी ९:१५)

तेलामुळे सादळत नाहीत हे मान्य, पण तेल जास्त होतंच हे कुणीतरी बोललं पाहिजे. एक कप म्हणजे २४० मिली, वजनात साधारण २२० ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर नुसत्या तेलाच्या जवळपास २,००० कॅलरी. ४५० ग्रॅम क्रॅकर्सना निम्म्या वजनाचं तेल! मी १२० मिलीत करतो. तेल आधी कोमट करून घेतलं की पातळ होतं, चांगलं पसरतं.

नीलिमा_त (सोमवार, सकाळी ९:४१)

मोजमाप, तुमचा हिशोब बरोबर असेलही, पण १२० मिलीत मी करून पाहिलेत. मधले क्रॅकर्स न्हाऊन निघतात आणि कडेच्यांच्या वाट्याला थेंब येत नाही. त्या कोऱ्या क्रॅकर्सना मसाला चिकटणार कशाला? पार्टीला वर्षातून चारदा करायचे, त्यात कसली काटकसर. तेल १८० मिलीच्या खाली नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मोजमाप (सोमवार, सकाळी ९:५५)

पिशवी नीट हलवली नसेल.

नीलिमा_त (सोमवार, सकाळी ९:५८)

हो का. पिशवी हलवायचं शिक्षण कुठे मिळतं?

कावेरी (सोमवार, सकाळी १०:०५)

दोघांनीही हलकंच घ्या. :) मसाला तळाशी बसतो त्याबद्दल माझा उपाय सांगते. मीठ तेलात विरघळत नाही, लिंबूसत्वही नाही. कितीही घोटलं तरी ते कण तेलात तरंगतात आणि हात थांबला की खाली बसतात. म्हणून मीठ, कांदा पावडर, लसूण पावडर, वाळलेली शेपू सगळं एकत्र मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून घ्यायचं. बारीक कण तेलात जास्त वेळ तरंगतात आणि क्रॅकरच्या खरबरीत अंगाला चिकटतात. मिरचीचे फ्लेक्स मात्र वेगळे ठेवते. ते दिसायला हवेत, नाहीतर पाहुण्यांना धोक्याची सूचना मिळत नाही.

शिवाय क्रॅकर्स मुळात खारे असतील तर मसाल्यात मीठ घालूच नये. मी एकदा घातलं होतं. त्या दिवशी पाणी खूप संपलं.

रातकिडा (सोमवार, दुपारी १:३०)

मिरचीबद्दल भर घालतो. मिठाच्या उलट, मिरचीतलं तिखटपण, म्हणजे कॅप्सेसिन, तेलात छान विरघळतं. त्यामुळे फ्लेक्स तळाशी बसले तरी तिखट सगळीकडे पोचतं, आणि जितका वेळ मुरेल तितकं जास्त पोचतं. पिशवीत चव घेऊन 'अजून हवं' म्हणत फ्लेक्स वाढवू नका. रात्री मिळमिळीत वाटलेलं तेल सकाळी पट्टीने मारतं.

चटकमटक (सोमवार, दुपारी २:०२)

सगळ्यांचे आभार! काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लाज वाटतेय. लसूण ताजा होता, आठ पाकळ्या ठेचून घातल्या. पावडर घरात नव्हती आणि म्हटलं ताज्याची चव जास्त. शेपूही ताजीच, बारीक चिरून. आणि डबा... पाहुणे निघायच्या गडबडीत शेवटचा ट्रे कोमट असतानाच डब्यात ओतला आणि झाकण लावलं.

भट्टीकाका (सोमवार, दुपारी ४:१८)

सापडला चोर. चोर दोन आहेत.

ताज्या लसणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, शेपूसारख्या पाल्यात तर ८५ टक्क्यांच्या आसपास. तुम्ही ते क्रॅकर्सच्या अंगावर चोळलंत आणि मंद ओव्हनमध्ये जेमतेम वीस मिनिटं ठेवलंत. लसणाच्या तुकड्यातलं पाणी तेवढ्यात पूर्ण जात नाही. मग रात्रभर डब्यात ते हळूहळू शेजारच्या कोरड्या क्रॅकरमध्ये जातं. त्यात कोमट असताना झाकण लावलंत, म्हणजे उरलीसुरली वाफही आत कोंडली. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं असतंत तर ओलं लागलं असतं.

क्रॅकर ओव्हनमधून निघताना थोडा मऊच लागतो, घाबरून जास्त भाजू नका. कडकपणा गार होताना येतो. जाळीवर किंवा ट्रेमध्येच एका थरात पसरून पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा, जराही ऊब लागली तर डबा दूर.

आणि एक गंभीर गोष्ट. ताजा लसूण घातलेलं तेल पिशवीत रात्रभर बाहेर ठेवून मुरवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, अशा जागी बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्या विषाला वास किंवा चव नसते. ताजाच घालायचा हट्ट असेल तर लगेच भाजा. बाकी या कामाला पावडरच बरी.

सुगरणीचा_नवरा (सोमवार, दुपारी ४:३०)

काका, लसूण पावडरही जळते ना हो? माझे ठिपके आठवतात.

भट्टीकाका (सोमवार, दुपारी ४:४४)

जळते, आणि जळली की कडू होते. म्हणून तर मंद आच. क्रॅकर आधीच भाजलेला आहे, तुम्हाला तो पुन्हा भाजायचा नाही. मसाल्याचा कच्चेपणा घालवायचा आणि पाण्याचा शेवटचा अंश काढायचा, एवढंच काम. १२० अंश, पंधरा ते वीस मिनिटं, मध्ये एकदा परतणे. पंख्याचा ओव्हन असेल तर वीस अंश कमी. घरगुती ओव्हनच्या खटक्यावर मात्र फार विश्वास ठेवू नका. आमच्या घरचा १२० सांगतो तेव्हा आत १४० असतं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

पोटोबा (सोमवार, रात्री ९:२०)

अवांतर, पण राहवत नाही. या पदार्थामागे तीन वेगवेगळ्या माणसांचे उद्योग आहेत.

चौकोनी खारे क्रॅकर्स, ज्यांना तिकडे सॉल्टीन म्हणतात, ते १८७६ साली मिसुरीतल्या सेंट जोसेफ गावात एका बेकरीने बाजारात आणले. त्यांचं पीठ यीस्ट घालून बराच वेळ आंबवतात आणि मग खायचा सोडा घालून आंबटपणा मारतात. छोटे गोल ऑयस्टर क्रॅकर्स त्याआधीचे, १८४७ च्या सुमाराचे, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या अ‍ॅडम एक्स्टन नावाच्या बेकरचे. आणि या सगळ्यांवर जो ताकाची पावडर, लसूण, कांदा, शेपूवाला मसाला मारतात तो 'रँच'. स्टीव्ह हेन्सन नावाच्या गृहस्थाने १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळ पाहुण्यांसाठी रँच, म्हणजे गुरांचा मळा असतो तसली जागा, चालवायला घेतली. तिथे तो पाहुण्यांना जे सॅलडचं ड्रेसिंग वाढायचा ते इतकं आवडलं की लोक पुड्या मागायला लागले. पुढे १९७२ मध्ये तो ब्रँड क्लोरॉक्स या ब्लीच विकणाऱ्या कंपनीने विकत घेतला!

झोपाळू (सोमवार, रात्री ९:३१)

ब्लीचवाल्यांचा मसाला. तरीच लसणाचे डाग निघत नाहीत.

द्वाड (सोमवार, रात्री ९:४०)

आणि 'क्रॅकर' हे नाव? मी वाचलंय की १८०१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जोसाया बेंटकडून बिस्किटं करपली, ती तडतडली, म्हणून क्रॅकर. सु_न, तुमचा पूर्वज असावा.

पोटोबा (सोमवार, रात्री ९:५२)

बेंटची बेकरी खरी, करपल्याची गोष्ट आख्यायिका. क्रॅकर हा शब्द त्याच्या आधीपासून वापरात होता. पण सु_न यांना दिलासा मिळत असेल तर ठेवू या.

कावेरी (मंगळवार, सकाळी ८:३०)

क्रॅकरला भोकं का असतात यावर माझ्या लेकीने काल डोकं खाल्लं. कुणी सांगेल का?

भट्टीकाका (मंगळवार, सकाळी ९:१०)

भट्टीत वाफ निघून जावी म्हणून. नाहीतर पोळीसारखा टम्म फुगेल. बेकरीत त्याला डॉकिंग म्हणतात, दातेरी रूळ फिरवतात. तुमच्या कामी येतं ते असं की तेल आत शिरायलाही ती भोकं उपयोगी. म्हणूनच भोकं नसलेले गुळगुळीत क्रॅकर्स या प्रकाराला घेऊ नयेत. मसाला वरून घरंगळतो.

आळशी_अण्णा (मंगळवार, दुपारी १२:००)

तेलाऐवजी लोणी चालेल का? फ्रिजमध्ये पडलंय.

नीलिमा_त (मंगळवार, दुपारी १२:२५)

अण्णा, लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, काका परत रागावतील. कढवून तूप करून घातलं तर चव अप्रतिम येते, हे मी केलंय. फक्त गार झाल्यावर तूप थिजतं आणि टाळ्याला मेणासारखं लागतं. मी निम्मं तूप, निम्मं तेल घेते. मोजमाप, कृपया कॅलरी मोजू नका.

मोजमाप (मंगळवार, दुपारी १२:२८)

मोजल्या. सांगत नाही.

रातकिडा (मंगळवार, दुपारी ३:१०)

सोया सॉस, वुस्टरशर सॉस असलं काही ओतायचं असेल तर वीस मिनिटांत भागत नाही. पाणीच ते. मी एकदा घातलं तेव्हा १२० वर तासभर ठेवावं लागलं, दर पंधरा मिनिटांनी परतत. चव फार सुरेख आली, पण ओव्हनसमोर पहारा.

चटकमटक (शनिवार, रात्री ११:४८)

वृत्तांत द्यायला आले. शुक्रवारी दोन घाणे काढले, दोन्ही ४५० ग्रॅमचे. मीठ वगळून बाकीचा कोरडा मसाला कावेरीच्या पद्धतीने पिठासारखा केला. लसूण पावडरच. पहिल्या घाण्याला नीलिमाचं १८० मिली, दुसऱ्याला मोजमापांचं १२० मिली कोमट तेल. पिशवी दर दहा मिनिटांनी उलटी करायची म्हणून मोबाईलवर गजर लावला. तासाभरात तेल दिसेनासं झालं, पिशवीच्या आतून नुसता लाल तवंग राहिला.

आता निकाल. १२० वाल्या घाण्यात वीसेक क्रॅकर्सचे कोपरे कोरे निघाले. त्यामुळे नीलिमा जिंकली असं म्हणणार होते. पण पाहुण्यांसमोर दोन्ही वाट्या न सांगता ठेवल्या तर १२० वाली आधी संपली! माझ्या नणंदेचं म्हणणं, "याने बोटं कमी तेलकट होतात." कोऱ्या कोपऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटच्या वाटीवर दोन पुतणे भांडले तेही त्याच वाटीवरून.

गुरुवारीच ओव्हनचा थर्मामीटर आणला होता. काका, माझा ओव्हन १२० सांगतो तेव्हा आत १०५ असतो. म्हणजे तुमच्या उलट. मागच्या वेळी पाणी का गेलं नाही त्याचं हे तिसरं कारण. या वेळी खटका १३५ ला ठेवला.

आणि गार होऊ दिले, दीड तास. नवरा तीनदा विचारून गेला, "भरू का डब्यात?" तिन्ही वेळा हात लावून बघितलं. आज डबा उघडला तर मोडताना आवाज आला. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, काय फुटलं गं?

मोजमाप (रविवार, सकाळी ७:०५)

मी काही बोलत नाही.

नीलिमा_त (रविवार, सकाळी ७:४०)

बोटं तेलकट होऊ नयेत म्हणून क्रॅकर कोरा ठेवायचा, तर मग मसाला तरी कशाला घालता. मी १८० वरच राहणार.

भट्टीकाका (रविवार, सकाळी ८:००)

छान. उरलेले असतील तर डबा उजेडापासून आणि गॅसपासून लांब ठेवा. नीट कोरडे असतील तर सादळणार नाहीत, पण तेल हवेने खवट होतं. दोन आठवड्यांच्या आत संपवा. मधेच थोडे मऊ पडले तर १२० वर (तुमच्या खटक्यावर १३५) पाच-सात मिनिटं फिरवून परत गार करा, जिवंत होतात.

चटकमटक (रविवार, सकाळी ८:१२)

काका, उरलेले? :)

नवा_गडी (रविवार, सकाळी ११:३०)

छान धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे ओव्हन नाही. एअर फ्रायरमध्ये होतील का?

द्वाड (रविवार, सकाळी ११:४५)

होतील, पण पंख्याच्या झोताने वरचे क्रॅकर्स उडतात. आमच्याकडे एक उडून वरच्या कॉइलला चिकटला होता. टोपली काठोकाठ भरू नका, जमलं तर वर जाळी ठेवा. तापमान १०० च्या आसपास, आठ-दहा मिनिटं, दोनदा हलवून. नाहीतर सरळ जाड बुडाची कढई घ्या. एकदम मंद आच, थोडे थोडे क्रॅकर्स, हलक्या हाताने झाऱ्याने परतत राहायचं. वेळ लागतो आणि थोडा चुरा होतो.

नवा_गडी (रविवार, सकाळी ११:५२)

चुऱ्याचं काय करता?

द्वाड (रविवार, सकाळी ११:५५)

करायला तो सूपपर्यंत पोचला पाहिजे ना. उभ्या उभ्याच संपतो.